गोठा सजलाय, पण बाळ कुठंय?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळपर्यंत डोक्यात राहिला, म्हणून जरा सविस्तरच लिहितेय. तुम्ही म्हणताय की मडगावात नवीन राहायला आलात, शेजारच्या ख्रिश्चन कुटुंबानं दाराशी नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, केलाय, त्यात गवत, मेंढरं, मेंढपाळ, मारिया, योसेफ सगळे आहेत पण मधली जागा रिकामी, आणि तुमची आठ वर्षांची मुलगी येता-जाता विचारते की बाळ कुठंय, हरवलं का, आणि शेजारणीला विचारायला तुम्हाला संकोच वाटतो. शाळेत चार मेणबत्त्यांचं चक्र लावलंय, त्यात तीन जांभळ्या आणि एकच गुलाबी का, हा तिचा दुसरा प्रश्न. आणि तुमचा स्वतःचा प्रश्न असा, की केक, सांताक्लॉज, स्टार आणि सेल बाजूला ठेवले तर या सणाचा आध्यात्मिक अर्थ नेमका काय, आणि आपण हिंदू, तर घरी गोठा केला तर चालेल का.

मी मूळची वसईची, लग्न होऊन दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत आले, आणि गेली 22 वर्षं आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, रविवारी मिस्सा (उपासना) झाल्यावर मुलांना कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवते. मी धर्मगुरू नाही आणि थिऑलॉजी शिकलेली नाही, पण हाच प्रश्न दरवर्षी माझ्यासमोर पन्नास मुलं बसून विचारतात तेव्हा त्याचा विचार पुष्कळ झालाय.

आधी मुलीला सांगा की बाळ हरवलेलं नाही. शेजारणीनं ते कपाटात नाहीतर आल्तारच्या, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याच्या, खणात मऊ कापडात गुंडाळून ठेवलं असणार आणि 24 डिसेंबरच्या रात्री, मध्यरात्रीच्या मिस्साहून आल्यावर, ते गव्हाणीत ठेवलं जाईल. सगळीच घरं असं करत नाहीत हं, काही ठिकाणी गोठा मांडतानाच बाळही ठेवतात, त्यात काही पाप नाही, ज्याची त्याची पद्धत. पण जिथं जागा रिकामी ठेवतात तिथं ती मुद्दाम ठेवलेली असते, आणि मला विचाराल तर या सगळ्या दिवसांचा अर्थ त्या रिकाम्या जागेतच आहे.

तुम्हाला हे समजायला कठीण जाऊ नये कारण तुमच्याकडे चवथीच्या आदल्या दिवशी काय असतं ते आठवा. मखर झालेलं असतं, वर माटोळी बांधलेली असते, फळं लटकतायत, समई घासून ठेवलीय, आणि पाट रिकामा. त्या रिकाम्या पाटाकडे बघून घरातल्या लहान मुलांना जे वाटतं ना, ते मी आमच्या मुलांमध्ये डिसेंबरात बघते. आपण तर शब्दही तोच वापरतो, तुमच्याकडे गणपतीचं आगमन आणि मराठी चर्चमध्ये या काळाचं नाव आगमनकाळ, इंग्लिशमध्ये अ‍ॅडव्हेंट म्हणतात तो लॅटिनमधून आलाय आणि त्याचाही अर्थ येणं असाच. श्रद्धा वेगळ्या आहेत, दोन्ही एकच असं मी म्हणत नाही, पण येणाऱ्यासाठी जागा करून थांबणं हे दोन्हीकडे ओळखीचं आहे.

हा काळ नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो, म्हणजे 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामध्ये कधीतरी, आणि चर्चचं नवीन वर्ष त्या दिवसापासून धरतात, 1 जानेवारीपासून नाही. गोव्यात हे पटकन लक्षात येत नाही कारण आमचा आगमनकाळ फेस्तांनी, म्हणजे चर्चच्या सणांनी, भरलेला असतो, जुन्या गोव्यात सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची, नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) 24 नोव्हेंबरला सुरू होते, 3 डिसेंबरला फेस्त, मग 8 ला पणजीच्या चर्चचं फेस्त, खाजं-चणे, फेरी (जत्रा), लाइटिंग, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की नाताळ महिनाभर चाललाय. पण चर्चच्या आत बघा, रविवारच्या मिस्साला फादर जांभळा झगा घालतात, तोच रंग जो ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत असतो, आणि ग्लोरिया हे आनंदाचं स्तोत्र त्या रविवारी म्हणत नाहीत, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात. त्या रात्री ग्लोरिया सुरू झाला की घंटा वाजतात आणि इतके आठवडे थांबल्यामुळे अंगावर काटा येतो. बरीच कॅथलिक घरं या आठवड्यांत लग्नही धरत नाहीत, म्हणून तर नाताळ झाल्यावर गोव्यात लग्नांची अशी गर्दी होते की हॉल मिळत नाही.

गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची. जांभळा रंग आत्मपरीक्षणाचा, आणि तिसऱ्या रविवारी अर्धी वाट सरली म्हणून थोडा उजेड त्यात मिसळतो, त्या दिवशी लॅटिन प्रार्थनेची सुरुवातच ‘आनंद करा’ या शब्दानं व्हायची. आणि ही मेणबत्त्यांची कल्पना आली कुठून ते मुलीला जरूर सांगा, तिला आवडेल. जर्मनीत हांबुर्गमध्ये योहान विखर्न नावाचे एक प्रोटेस्टंट पाळक गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे, ती मुलं रोज विचारायची की नाताळ कधी, अजून किती दिवस, म्हणून त्यांनी 1839 मध्ये गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर रोजच्या दिवसासाठी लहान लाल मेणबत्ती आणि रविवारासाठी मोठी पांढरी अशा मेणबत्त्या लावल्या, रोज एक पेटवायची. पुढे त्याच्या चारच राहिल्या आणि कॅथलिकांनीही ती पद्धत घेतली. म्हणजे तुमची मुलगी जे रोज विचारते तेच विचारणाऱ्या मुलांमुळे ते चक्र तिच्या शाळेत पोचलंय.

आता खरा अवघड भाग. काही वर्षांपूर्वी चौथीतल्या एका मुलानं मला विचारलं की मिस, जेजू (येशू) तर दोन हजार वर्षांपूर्वी जन्मला, मग आपण आता कोणाची वाट बघतोय, की नुसतं नाटक करतोय? मला त्या दिवशी उत्तर नीट देता आलं नाही. नंतर आमच्या फादरांनी संत बर्नार्ड यांचं एक प्रवचन समजावून सांगितलं, बाराव्या शतकातले हे संन्यासी, ते म्हणतात की प्रभूचं येणं तीन प्रकारचं आहे, एक बेथलेहेममध्ये झालं ते, एक शेवटी वैभवात होईल ते, आणि या दोघांच्या मधलं एक, जे कोणाला दिसत नाही, ते माणसाच्या अंतःकरणात होतं. पहिलं झालंय, शेवटचं आपल्या हातात नाही, आपण तयारी करतो ती मधल्याची. त्या मुलाला मी पुढच्या रविवारी हे सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे गोठा माझ्या आत आहे? मी म्हटलं हो, तेच.

म्हणूनच आगमनकाळात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाची वचनं वाचतात, आणि योहान काही गोड बोलणारा माणूस नव्हता. लोकांनी विचारलं आम्ही काय करावं, तर तो म्हणाला ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्यानं एक नसलेल्याला द्यावा. इतकं साधं आणि तितकंच कठीण. नाताळच्या आधी पॅरिशमध्ये कन्फेशनला, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली द्यायला, रांगा लागतात ते यासाठीच, भावाभावांत कुंपणावरून बोलणं बंद असतं, कोणाचे पैसे परत करायचे राहिलेले असतात, तिथं आधी झाडू मारायचा. माझ्या वर्गात मी एक रिकामी गव्हाण ठेवते आणि मुलांनी कोणाचं काही भलं केलं की त्यात गवताची एक काडी टाकायची, म्हणजे बाळ येईपर्यंत अंथरूण मऊ होईल, ही पद्धत बऱ्याच कॅथलिक शाळांत आहे. पहिल्या वर्षी माझं चुकलं, मी मुलांना काय केलं ते सांगायला लावलं आणि स्पर्धाच सुरू झाली, माझ्या सात काड्या तुझ्या चार. तेव्हापासून नियम असा की काडी गुपचूप टाकायची आणि कोणाला बोलायचं नाही. एक मुलगा एका रविवारी आला आणि आपली काडी काढून घ्यायला लागला, विचारलं तर म्हणाला मागच्या आठवड्यात भावाशी समेट केला म्हणून टाकली होती पण काल परत मारामारी झाली. मी म्हटलं राहू दे बाबा ती, बाळ आहे त्या गवतावर झोपेल. तो जरा वेळ उभा राहिला आणि मग भावाला बोलवायला बाहेर गेला.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या सासऱ्यांच्या मते हा आपल्या अवतारासारखाच प्रकार. बोलायला सोपं जावं म्हणून तसं म्हटलं तर मी भांडणार नाही, पण आमच्या श्रद्धेत फरक आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. गीतेत भगवंत म्हणतात की धर्माला ग्लानी येते तेव्हा तेव्हा मी येतो, म्हणजे पुन्हा पुन्हा. आम्ही मानतो की देव एकदाच माणूस झाला आणि पूर्ण माणूस झाला, त्याला भूक लागली, ताप आला असेल, चालायला शिकताना तो पडला असेल, आणि शेवटी मेलाही. मराठी बायबलात योहानाच्या पुस्तकात (हा योहान वेगळा, बाप्तिस्मा देणारा नव्हे) तीनच शब्द आहेत, ‘शब्द देही झाला’. मला हे तीन शब्द मराठीतच सगळ्यात चांगले कळतात, कारण देह आणि देही हे शब्द आपल्या संतांनी इतके वापरलेत की त्यांच्या मागे मोठा अर्थ उभा राहतो. आणि ही गोष्ट मराठीत सांगणं काही आजचं नाही. थॉमस स्टीफन्स हे इंग्लिश जेझुइट धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आले आणि इथल्या नवीन ख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं, त्यात स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. नाताळ हा शब्द पोर्तुगीज, नाताल म्हणजे जन्म, पण जन्माची कथा सासष्टीतल्या लोकांनी ओवीत ऐकलेली आहे.

आणि तो जन्मला कुठं ते बघा, हा माझ्यासाठी सगळ्याचा गाभा आहे. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, आहे की त्यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून मारियेनं बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. गव्हाण म्हणजे गुरांचं खाणं टाकायची जागा. बेथलेहेम या नावाचा हिब्रू अर्थ भाकरीचं घर. चर्च नंतर मिस्सात जी भाकर देतं तिचा धागा इथपर्यंत येतो, देव असा आला की त्याला दुसऱ्यांचं अन्न व्हायचं होतं. आणि बातमी पहिल्यांदा मिळाली ती रात्री रानात मेंढरं राखणाऱ्यांना. मोठा, बलवान देव सगळ्यांना समजतो, पण ज्याला कोणीतरी उचलून घ्यावं लागतं, दूध पाजावं लागतं, असा देव समोर आला की तुम्ही घाबरू शकत नाही, तुम्हाला त्याची काळजीच घ्यावी लागते. मी घरी गोठा मांडताना दरवर्षी इथं थांबते.

गोठ्याचीही एक गोष्ट आहे. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेच्यो गावात नाताळच्या रात्री खरी गव्हाण मांडली, गवत आणलं, खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं, आणि त्या गव्हाणीपाशी मिस्सा झाली. मूर्ती नव्हत्या. त्यांचे चरित्रकार लिहितात की तिथं असलेल्या एका माणसाला त्या गव्हाणीत एक निपचित बाळ दिसलं आणि फ्रान्सिस जवळ गेल्यावर ते झोपेतून जागं झालं, आणि पुढे ते म्हणतात की हे बरोबरच होतं, कारण अनेकांच्या मनात बाळ येशू विसरला गेला होता. म्हणजे ज्या गोठ्यावरून आजचे सगळे गोठे आले त्यातही गव्हाण रिकामीच होती. तुमच्या मुलीचा प्रश्न ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा हेच आठवलं.

बैल आणि गाढव शुभवर्तमानात नाहीत बरं का, ते यशया संदेष्ट्याच्या एका ओळीतून आले, बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाण ओळखतं, पण माझे लोक मला ओळखत नाहीत. 25 डिसेंबर ही तारीखही बायबलात नाही, रोममध्ये ती चौथ्या शतकात, 336 च्या नोंदीत सापडते, का निवडली यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत, मी त्यात शिरत नाही कारण वाढदिवसाची तारीख बरोबर की चूक यावर श्रद्धा उभी नाही. आणि सांताक्लॉजच्या मागे संत निकोलस आहेत, आजच्या तुर्कस्तानातले बिशप, गरिबांना गुपचूप मदत करायचे, त्यांचा सण 6 डिसेंबरला. मुलीला हे गुपचूप देणं सांगितलंत तर सांताक्लॉजलाही अर्थ येईल.

वाट बघणं म्हणजे काय हे मला पुस्तकांपेक्षा घरानंच शिकवलं. माझे मिस्टर बोटीवर असायचे, सासष्टीत घरटी एक तरी तारवटी असतोच. एका वर्षी त्यांचं काँट्रॅक्ट डिसेंबरच्या सुरुवातीला संपणार होतं, मग साइन-ऑफ दहा दिवस पुढे गेलं, मग अजून पुढे. मुलांनी गेटला रंग दिला, सासूबाईंनी दोदोल करून ठेवलं आणि रोज रात्री बल्कांवातला, म्हणजे दारासमोरच्या ओसरीतला, दिवा मला बंद करू द्यायच्या नाहीत, म्हणायच्या तो रात्री आला तर अंधारात कसा येईल. मी खूप चिडायची, रडायचीसुद्धा. पण त्या दिवसांत घरात जे जे केलं, चादर बदलणं, नारळ काढून घेणं, ते सगळं कोणासाठी तरी होतं, आणि कॅलेंडरकडे बघून हातपाय गाळून बसणं वेगळं आणि हे वेगळं हे मला तेव्हा कळलं. ते आले 27 ला. मुलांना वाटलं नाताळ संपला, पण सासूबाई म्हणाल्या संपला कुठं, सुरू होऊन दोनच दिवस झाले. आणि चर्चच्या हिशेबानं त्या अगदी बरोबर होत्या, बाजारात 26 ला नाताळ संपतो, चर्चमध्ये 25 ला सुरू होतो, 1 जानेवारीपर्यंतचे आठ दिवस एकाच मोठ्या दिवसासारखे धरतात आणि काळ चालतो तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. मुलांनी बाबांना हाताला धरून गोठ्यापाशी नेलं.

आता घरी गोठा करायचा का. हे तुमच्या घरातल्या मोठ्यांवर अवलंबून आहे, कोणाला रुचत नसेल तर भांडण करून शांतीचा गोठा मांडण्यात अर्थ नाही. देवघराजवळ ठेवायचा की हॉलमध्ये हेही तुमचं घर ठरवेल, मी त्यात बोलणं बरं नाही. पण अपमान होतो का विचाराल तर माझ्या मनाला तसं अजिबात वाटत नाही. पूर्वेकडून आलेले ते ज्ञानी लोक, ज्यांना आपण तीन राजे म्हणतो (शुभवर्तमानात आकडा नाही, भेटवस्तू तीन म्हणून राजे तीन), ते यहुदी नव्हते, परक्या मुलखातले, परक्या श्रद्धेचे, तारे वाचणारे, आणि गोठ्याच्या चित्रात त्यांना मानाची जागा आहे. 6 जानेवारीला त्यांचं फेस्त असतं, कासावलीला या, तीन मुलगे राजे होऊन घोड्यावरून टेकडीवरच्या रेमेदियुशच्या कपेलात (लहान चर्चमध्ये) जातात, चांदरला आणि रेइश मागुशलाही असतं, मुलीला घेऊन जा. मूर्ती नुसत्या फोटोसाठी मांडू नका आणि नंतर खेळण्यांत टाकू नका, गोष्ट सांगून मांडा, एवढंच मागणं.

मध्यरात्रीच्या मिस्सालाही तुम्ही येऊ शकता, बऱ्याच गावांत ती चर्चच्या आवारात उघड्यावर असते, खुर्च्या लवकर भरतात म्हणून अर्धा तास आधी या आणि थंडीला शाल आणा. फक्त कम्युनियनच्या रांगेत जाऊ नका, ती पवित्र भाकर तयारी झालेल्या कॅथलिकांसाठीच असते, जागेवर शांत बसून राहिलात तर कोणी काही म्हणत नाही.

आणि शेजारणीला विचाराच, संकोच करू नका, रिकाम्या गव्हाणीबद्दल कोणी विचारलं तर आमच्यातल्या कोणाही बाईला बरंच वाटेल. बहुतेक घरांत बाळ ठेवायचा मान सगळ्यात लहान मुलाला असतो, त्यांच्याकडे लहान कोणी नसेल तर कदाचित त्या तुमच्या मुलीलाच हाक मारतील. तोवर तिला एक काम द्या, आम्ही गोठ्यातलं हिरवं गवत विकत आणत नाही, डिसेंबरच्या दहा-बारा तारखेला पसरट ताटलीत थोडी माती घालून नाचणी पेरतो, चोवीसपर्यंत बोटभर वर येते. रोज सकाळी हातानं पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर दाणे एका बाजूला वाहून जातात.